डावी बाजू वर

राग आला की नाम घ्यावं, असं आमचे धनंजयबुवा कीर्तनात सांगतात. त्या बुधवारी सकाळी अजमानहून शारजाला ऑफिसात जाताना मी सगळा रस्ताभर नाम घेतलं. राग गेला नाही. उलट प्रत्येक सिग्नलला तो वाढत गेला. कारण मधेच आठवायचं, की हे पाप दुसऱ्या कुणाचं नाही, आपल्याच हातून घडलंय.

पाप काय ते सांगते.

शारजातल्या एका लहानशा प्रकाशनात मी पानं लावते. म्हणजे लेखकाचा मजकूर आणि चित्रकाराची चित्रं घेऊन कॉम्प्युटरवर पान तयार करायचं, शेवटच्या प्रुफावर सही करायची, आणि ते प्रेसला पाठवायचं. एकवीस वर्षं हेच करतेय. आमच्याकडे अरबी पुस्तकं निघतात, हिंदी निघतात, मल्याळम निघतात. मराठी पहिल्यांदाच निघणार होतं, आणि ते सिद्धांतमुळे. सिद्धांत आमचा मॅनेजर. पुण्याचा, अडतीस वर्षांचा. माझ्याहून खूप लहान, म्हणून मी त्याला अरेतुरे करते आणि तो मला प्रमिलाताई म्हणतो.

ते पुस्तक होतं इसामु हात्सुगाईचं. ‘आईचं माप’. चारशे अकरा पानांची चित्रकथा, जपानी लोक जिला मांगा म्हणतात तसली. पुण्याच्या एका बाईंनी थेट जपानीतून मराठी केली होती.

हात्सुगाई कोण, हे मला आधी ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीला होतं. ईशानी अकरावीत आहे आणि तिच्या खोलीच्या भिंतीवर या म्हाताऱ्याचा फोटो आहे. बाकीच्या मुलींच्या भिंतींवर कोरियन पोरं, हिच्या भिंतीवर चष्म्यातला टक्कल पडलेला आजोबा. मी विचारलं, हा कोण बाई तुझा? तर म्हणाली, "आई, ही इज द ग्रेटेस्ट. यू वुडन्ट गेट इट."

मला कळणार नाही म्हणे! चाळीस वर्षं कीर्तन ऐकतेय. गोष्ट कशी सांगतात ते मला कळणार नाही?

पण पानं लावता लावता तो माणूस माझ्या डोक्यात शिरला. बंदरगावचा मुलगा. आई किमोनो शिवायची. पंधराव्या वर्षी हा दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला, बाविसाव्या वर्षी एका साप्ताहिकात चित्रकथा सुरू केली. आठवड्याला एकोणीस पानं, अशी सलग अकरा वर्षं. हाताखाली माणसं होती. ती घरं काढायची, झाडं काढायची, आगगाड्या काढायची. पण कापड आणि हात मात्र त्याने कधी कुणाला काढू दिले नाहीत. पट्टी वापरली नाही. माणूस दचकला की चेहऱ्याभोवती ज्या रेघा मारतात, रडला की जे मोठे मोठे थेंब काढतात, त्यातलं काही नाही. माणूस दुःखात असला की हा त्याच्या बाहीची चुणी काढणार. बस.

ऐन भरात असताना चित्रं सोडून सिनेमात गेला. सात सिनेमे केले. प्रत्येक दृश्य आधी कागदावर काढायचा आणि नटांना म्हणायचा, चेहऱ्याने काही करू नका, हातांनी करा. त्याच्या दुसऱ्या सिनेमात एक बाई मेलेल्या नवऱ्याचे कपडे घडी करून ठेवते, चाळीस सेकंद. परदेशातल्या वितरकाला ते कंटाळवाणं वाटलं आणि त्याने ते कापून टाकलं. हात्सुगाईला कळलं. तो विमानाने त्या शहरात गेला, तिकीट काढून थेटरात बसला, आणि जिथे ते दृश्य असायला हवं होतं तिथे उठून पडद्यासमोर उभा राहिला. चाळीस सेकंद. पडद्यावर त्याची सावली. लोक ओरडले, शिव्या दिल्या, पॉपकॉर्न फेकलं. चाळीस सेकंद झाले, आणि तो खाली बसला.

ही हकिगत ईशानीने मला चहा पिता पिता सांगितली तेव्हा मी हात जोडले होते, खरंच. माणूस असावा तर असा.

साठीनंतर पुन्हा चित्रांकडे आला, एकट्याने. पाच वर्षं खपून आईवरचं हे एकच पुस्तक काढलं. दोन वर्षांपूर्वी वारला.

आता माझा प्रताप. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. मराठी डावीकडून. तेव्हा सिद्धांत म्हणाला, सगळी पानं आरशात दिसतात तशी फिरवून टाका, म्हणजे आपल्या माणसाला सरळ वाचता येईल. मी म्हटलं, बरं. कॉम्प्युटरला एक आज्ञा द्यायची, की झालं. तीन मिनिटांत चारशे अकरा पानं फिरली. मग दोन महिने बसून मी संवादांच्या फुग्याफुग्यांत मराठी अक्षरं भरली. जपानहून मंजुरीही आली. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं होतं, आतलं पान एकही मागवलं नव्हतं.

पलीकडे बद्रुद्दीन त्याच पुस्तकाची अरबी आवृत्ती लावत होता. बद्रुद्दीन आमच्या दापोलीकडचा. लहानपणी मदरशात अरबी शिकला ती इथे कामाला आली. अरबी उजवीकडूनच वाचतात, त्यामुळे त्याला काही फिरवावं लागलं नाही. त्याचा विभाग आणि आमची मीटिंगची खोली यांच्यामध्ये एक दुधी काच आहे, पांढरी, धुरकट. पडदा घ्यायचा कंटाळा म्हणून मीटिंगमध्ये प्रोजेक्टर त्या काचेवरच मारतात. बद्रुद्दीन नेहमी म्हणायचा, "बाय, तुमच्या मोठ्या मोठ्या प्लॅनिंगा आमच्या बाजूने उलट्या दिसतात हां. तुमचा तो ग्राफ वर जातो ना, तो इकडून खाली येताना दिसतो." आणि स्वतःच हसायचा.

त्या बुधवारच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी आमच्याकडे कीर्तन होतं. सोफा बाल्कनीत, हॉलभर गाद्या, आणि जिन्यापर्यंत चपला. धनंजयबुवा आठवडाभर दुबईतल्या देऱ्यात मोठ्या इमारतींचे एसीचे चिलर सांभाळतात, सुट्टीला अंगरखा आणि फेटा चढवून उभे राहतात. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे सुदानी शेजारीसुद्धा जिन्यात येऊन बसतात. आधी माझ्या यजमानांनी, शैलेंद्रनी, पूजा केली. सोवळं नेसून, उघड्या अंगाने, गळ्यात जानवं. मग बुवांचं कीर्तन, आरती, प्रसाद. मन असं भरून गेलं होतं, की काय सांगू.

लोक गेल्यावर ईशानी मोबाइल घेऊन आली. तिने पूजेच्या वेळी स्वतःचा व्हिडिओ काढला होता, मागे बाबा पूजा करताना दिसतात असा. मी पाहिला आणि मोबाइल डोळ्यांजवळ ओढला. शैलेंद्रचं जानवं उजव्या खांद्यावर! हातातली आरती डाव्या हातात!

"काढ ते! आधी काढून टाक!" मी म्हटलं. "बाबा श्राद्धाला बसल्यासारखे दिसतायत त्यात."

"चिल, आई. फ्रंट कॅमेरा आहे. इट्स जस्ट मिरर्ड."

"असेल मिरर. देवाची पूजा करताना जानवं डाव्या खांद्यावर, पितरांचं करताना उजव्या. एवढं कळत नाही तुझ्या मोबाइलला? जिवंत माणसाचा विधी मेलेल्याचा करून ठेवला."

"ओके, ओके, डिलीटेड."

मी प्रसादाची पातेली आवरायला घेतली आणि सहज बोलून गेले, "ऑफिसात आम्ही अख्खं पुस्तक असंच फिरवलंय, पण तिथे पूजाबिजा नाही म्हणून बरं."

ईशानीचा हात थांबला. "विच बुक?"

"तुझ्याच त्या हात्सुगाईचं."

"यू फ्लिप्ड हात्सुगाई?" तिचा चेहरा पांढरा पडला. "आई, नो. नो, नो, नो. लास्ट पेज पाहिलंस तू? किमोनो पाहिलास?"

ती खोलीतून आपलं इंग्रजी पुस्तक घेऊन आली. तिचं पुस्तक न फिरवलेलं, मुळासारखं. गादीवर बसून तिने मला दाखवलं, आणि पहिल्यांदाच कुठलीही अक्कल न शिकवता दाखवलं.

किमोनो म्हणजे पुढून उघडा अंगरखा. त्याची डावी बाजू उजवीवर घ्यायची आणि वरून पट्टा बांधायचा. जिवंत माणूस असाच घालतो. उजवी बाजू वर घेतात ती फक्त प्रेताची. ‘आईचं माप’मध्ये चारशे दहा पानं आई शिवते, भांडते, तांदूळ निवडते, पोराच्या पाठीत धपाटा घालते, आणि प्रत्येक पानावर तिच्या गळ्याशी डावी बाजू वर आहे. चारशे अकराव्या पानावर एकच चित्र. आई झोपलेली. चेहरा नेहमीसारखा. एक शब्द नाही, रडणारं कुणी नाही. फक्त गळ्याशी उजवी बाजू वर.

झालं. त्या माणसाने पुस्तकभर जपून ठेवलेलं ते एवढंच होतं.

आणि मी काय केलं होतं? पहिल्या पानापासून त्याच्या आईला प्रेताचा पोशाख चढवला होता. चारशे दहा पानं ती बाई मेलेली हिंडत होती, मेलेली तांदूळ निवडत होती. आणि जिथे ती खरंच मेली, तिथे मी तिला जिवंत करून ठेवली होती.

मी पातेलं तिथेच ठेवलं आणि देवासमोर जाऊन बसले. हात जोडायलासुद्धा लाज वाटत होती.

सोमवारी मी सिद्धांतला सांगितलं. तो म्हणाला, बघू. मंगळवारी म्हणाला, ताई, गुरुवारी प्रेसला जायचंय. बुधवारी त्याने मीटिंग लावली, आणि वर धनंजयबुवांना बोलावलं. कारण पुस्तकाचं प्रकाशन पुढच्या शनिवारी दुबईत ऊद मेथाच्या हॉलमध्ये होतं आणि तिथे बुवांचं कीर्तन ठेवलं होतं. पण खरं कारण मी ओळखून होते. माझ्या सहीशिवाय प्रेस काम घेत नाही, आणि बुवांचा शब्द मी मोडत नाही, हे सिद्धांतला माहीत होतं.

खोलीत दिवे मंद, काचेवर प्रोजेक्टर. सिद्धांत प्रकाशनाची स्लाइड दाखवत होता: ‘जपान टू महाराष्ट्र, व्हाया यूएई’. बुवा कंपनीच्या निळ्या गणवेशात होते, ड्युटीवरून तासाची परवानगी काढून आलेले. बद्रुद्दीन चहा घेऊन दारात टेकला होता.

"प्रमिलाताई," सिद्धांत म्हणाला, "मी सगळं समजून घेतलंय. पण आता पानं परत फिरवायची म्हणजे फुगे परत लावायचे. किती दिवस?"

"आठ. घरी बसूनही करते."

"आणि परत फिरवलं, की पुस्तक उजवीकडून उघडणार. आपला माणूस काय करेल? सवयीने डावीकडून उघडेल. म्हणजे सगळ्यात आधी काय बघेल? तुमचं तेच चारशे अकरावं पान. चालेल?"

हे खरं होतं. त्यामुळे मला आणखी राग आला.

"डावीकडे एक पान घाला की," बद्रुद्दीन दारातून म्हणाला. "हा शेवट आहे, पुस्तक पालथं करा. आम्ही इंग्रजीवाल्यांसाठी घालतो तसं. खलास."

"बद्रुभाई, प्लीज. तुम्ही अरबी बघा." सिद्धांत बुवांकडे वळला. "बुवा, तुम्हीच सांगा. कोणाला कळणार आहे इथे, किमोनोची कुठली बाजू वर ते?"

बुवांनी चष्मा पुसला. मला वाटलं, आता बोलतील. बोलले, पण काय बोलले? "प्रमिलाताई, तुमची तळमळ देवाला पोचली. पण ही त्यांची रीत, आपली नव्हे. वाचकाला गोष्ट कळल्याशी कारण. मन मोठं करा. सही करून टाका."

मला कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. या माणसाच्या पायांवर मी डोकं ठेवते. दर महिन्याला माझ्या हाताने बुक्का लावते.

"बुवा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, "एक विचारू? तुमच्या आख्यानात शेवटी कुणी जातं, तेव्हा तुम्ही ‘मेला’ म्हणता का?"

"नाही."

"मग काय करता?"

"झांज थांबवतो," बुवा म्हणाले. "पेटीसुद्धा. क्षणभर काहीच नाही."

"आणि तिथेच कुणी झांज वाजवली तर? आणि जिथे नाचायचं, तिथे सगळे मुके बसले तर? म्हणाल का, गोष्ट कळल्याशी कारण?"

बुवा पुढे सरकले. मग त्यांनी हात पुढे करून सिद्धांतच्या लॅपटॉपची बटणं दाबायला सुरुवात केली. स्लाइड गेली आणि पुस्तकाची पानं आली. एकेक पान काचेवर सरकत होतं. बुवा काही न बोलता आईच्या गळ्याकडे पाहत होते.

सिद्धांतचा तोल गेला. "बास झालं! अहो, एका कॉलरसाठी? मुंबई, पुणे, नाशिक, सगळीकडे ऑर्डरी घेतल्यात मी. माझी पहिली मराठी पुस्तकांची लिस्ट आहे ही. हेड ऑफिसात भीक मागून आणलीय. तारीख चुकली तर दुसरं मराठी पुस्तक निघणार नाही, कळतंय? आणि कोण तक्रार करणार आहे? हात्सुगाई? तो गेला. मेलेला माणूस तक्रार करत नाही, प्रमिलाताई!"

तो वाईट मुलगा नाही. पण ते वाक्य ऐकलं आणि माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. मी उठले आणि चालत जाऊन काचेपाशी उभी राहिले, प्रोजेक्टरच्या झोतात. माझी सावली त्याच्या पानांवर पडली. ठरवून केलं नाही. पाय गेले.

"ताई, सरका."

"नाही सरकत."

"हा काय पोरखेळ आहे? सरका, मीटिंग चालू आहे."

"गेल्या वर्षी तुझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध तू इथून केलंस," मी म्हटलं. "अल नाहदाच्या तुझ्या फ्लॅटवर. बायको माहेरी होती म्हणून भाताचे पिंड मी वळून दिले. पुण्याहून गुरुजी व्हिडिओवर सांगत होते. आठवतं?"

"इथे तो विषय नको."

"इथेच. स्क्रीनवर तू स्वतःला बघत होतास, ते आरशासारखं उलटं दिसत होतं, आणि तू गोंधळून जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर करत होतास. गुरुजी तिकडून ओरडतायत, ‘अपसव्य, अहो अपसव्य!’ शैलेंद्रनी येऊन तुझं जानवं नीट केलं, तेव्हा कळलं, की मधलं सगळं तर्पण उलट्या खांद्याने झालंय. गुरुजी म्हणाले, असू दे, पोचलं. तू काय म्हणालास?"

सिद्धांतने मान फिरवली.

"तू म्हणालास, पहिल्यापासून करायचं. दोन तास परत बसलास. ऑफिसचे फोन कापलेस. ढसाढसा रडत होतास आणि म्हणत होतास, बाबांना उलटं नको. का रे? मेलेला माणूस तक्रार करत नाही ना? तुझ्या वडिलांनी केली होती का तक्रार?"

सिद्धांतचे कान लाल झाले होते. तो उठला, खुर्ची मागे आपटली, बद्रुद्दीनला ढकलून बाहेर गेला.

"जास्त बोललात, बाय," बद्रुद्दीन हळूच म्हणाला.

"बोलले. अजून बोलेन."

पण मनात हिशेब सुरू झाला होता. एकवीस वर्षांची नोकरी, या नोकरीवरचा व्हिसा, ईशानीचं बारावीचं वर्ष तोंडावर. त्याने वर एक मेल टाकली तर यल्ला, चला, बांधा बोचकं. तरी मी सरकले नाही. मला तो थेटरातला म्हातारा आठवत होता. त्याला निदान ठाऊक होतं, की चाळीसच सेकंद उभं राहायचंय.

बुवा पानं पुढे नेत नेत शेवटाला आले. चारशे अकरावं पान काचेवर थांबलं. मी पाठमोरी होते, पण मला माहीत होतं तिथे काय आहे. झोपलेली आई, माझ्या मूर्खपणाने जिवंत दिसणारी. बुवांनी लॅपटॉपवरचा हात काढला. पुढे गेले नाहीत, मागे आले नाहीत.

तेवढ्यात काचेच्या पलीकडून हालचाल जाणवली, म्हणून मी मान वळवली. सिद्धांत बाहेरच्या दाराकडे गेलाच नव्हता. तो बद्रुद्दीनच्या विभागात जाऊन उभा होता, बहुतेक तोंड लपवायला. धुरकट काचेतून त्याचा निळा शर्ट दिसत होता. तो आधी पाठमोरा होता. मग वळला.

त्या बाजूने सगळं उलटं दिसतं, बद्रुद्दीन नेहमी सांगतो तसं. आणि उलट्याचं उलटं म्हणजे काय, ते मला तेव्हा, त्या क्षणाला कळलं. माझं बिघडवलेलं पान त्याला तिकडून जसं हवं तसं दिसत होतं, हात्सुगाईने काढलेलं.

तो किती वेळ उभा होता कोण जाणे. चाळीस सेकंदांहून जास्त असेल.

"सरका, ताई," तो पलीकडून म्हणाला.

"मी सांगितलं, मी सरक..."

"सरका हो!" त्याचा आवाज फाटला. "तुमची सावली मधे येतेय. मला ती दिसत नाहीये."

मी बाजूला झाले.

काचेवर त्याचा हात टेकलेला दिसला, पाच बोटं, आईच्या गळ्यापाशी. बुवांनी मान खाली घातली होती. बद्रुद्दीनने चहाचा कप खिडकीत ठेवला, आवाज न करता.

मग तो हात निघाला आणि पलीकडून सिद्धांत फोनवर ओरडताना ऐकू आला. प्रेसवर रोशन असतो, त्याच्यावर. "नाही, थांबव म्हणजे थांबव! मी काय सांगतोय? छपाईची कोणतीही प्लेट करू नकोस... का म्हणजे? चूक आहे म्हणून! कुणाची चूक ते तुला काय करायचंय? आमची!" दारात येऊन तो माझ्यावरही ओरडला, डोळे पुसायची तसदीसुद्धा न घेता. "आठ दिवस म्हणजे आठ दिवस. नववा मिळणार नाही. प्रकाशनाला पुस्तक नसेल, तर हेड ऑफिसला तोंड तुम्ही द्यायचं. आणि बाबांचा विषय ऑफिसात परत काढलात ना, प्रमिलाताई, तर मी... तर बघाच."

"नाही काढणार," मी म्हटलं.

"आणि ते डावीकडचं पान. पालथं करा वगैरे. ते नीट मराठीत लिहा. बद्रुभाईंचं मराठी नको."

"घ्या!" बद्रुद्दीन म्हणाला. "आयडिया आमची, आणि मराठी नको."

बुवा जाताना माझ्यापाशी थांबले. "प्रमिलाताई, मी मघाशी बोललो ते..."

"बुवा, अजून राग गेलेला नाही," मी खरं तेच सांगितलं. "शनिवारी कीर्तनाला येईन, तेव्हा पाया पडेन. आज नाही."

ते हसले नाहीत. त्यांनीच हात जोडले, आणि हेल्मेट घालून ड्युटीवर गेले.

त्याच दुपारी मी कामाला लागले. चारशे अकरा पानं परत फिरवायला तीनच मिनिटं लागली, पहिल्यांदा लागली तेवढीच. ते पाहून तर मला माझाच इतका राग आला, की काय सांगू. मग एकेक फुगा. रिकामा करा, जागा बघा, अक्षरं बसवा. घरी ईशानी शेजारी बसायची आणि तिच्या इंग्रजी पुस्तकाशी पानं ताडून बघायची. "आई, धिस हँड. लुक ॲट धिस हँड," असं मधेच म्हणायची. मी बघायची. आई सुईत दोरा ओवतेय, मापाची पट्टी खांद्यावर, आणि गळ्याशी डावी बाजू वर. प्रत्येक पानावर मी आधी गळा बघायची आणि मग अक्षरं भरायची. जिवंत. जिवंत. जिवंत. नाम घ्यावं तसं.

आठव्या दिवशी दुपारी चारशे दहा पानं झाली. मी शेवटचं पान उघडलं. उजवी बाजू वर. ईशानीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

फुगा नव्हता, शब्द नव्हता. त्या पानावर मला काहीच करायचं नव्हतं. तरी मी ते थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं, आणि मग सही केली.